करंडकाआधीचे दिवस

दरवर्षी हिवाळ्यात नगर शहरात एकांकिकांचा मोठा मेळा भरतो. ‘अहमदनगर महाकरंडक’ या नावाने ओळखली जाणारी ही स्पर्धा श्री महावीर प्रतिष्ठान या संस्थेने, नगरचे उद्योजक नरेंद्र फिरोदिया यांच्या पुढाकाराने, नावारूपास आणली; आणि राज्याच्या निरनिराळ्या भागांतून तरुण नाट्यसंघ नेपथ्याच्या चौकटी, वेशभूषेच्या ट्रंका आणि कोणाकडून तरी उसना आणलेला ध्वनिसंच टेंपोत घालून तीत उतरण्यासाठी येऊ लागले. जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले, तरी नाट्यवर्तुळातील या स्पर्धेचा दबदबा जुन्या नावानिशीच पसरलेला आहे.

एकांकिका रंगमंचावर जेमतेम पाऊण तास चालते; पण त्या पाऊण तासामागे संहितेची चार-पाच पुनर्लेखने, रात्री-अपरात्री भाड्याच्या खोलीत चाललेल्या तालमी, बुडालेल्या तासिका, नोकरीतल्या बिनपगारी रजा, प्रवासाचे भाडे आणि चहा-वडापावाचा कधीच न लिहिलेला जमाखर्च असा दोन-तीन महिन्यांचा काळ असतो. करंडक उंचावला जातो तेव्हा टाळ्या त्या पाऊण तासाला मिळतात. आधीच्या महिन्यांचा भार कोणी सोसला, हे विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. नवोदित कलावंतांना साहाय्य करणाऱ्या धर्मादाय प्रतिष्ठानांचा, न्यासांचा आणि निधींचा विचार वस्तुतः याच प्रश्नापासून सुरू करावा लागतो. कारण कलेसाठी हात सैल सोडण्याची वृत्ती महाराष्ट्रात दुर्मीळ नसली, तरी ते द्रव्य कलावंताच्या आयुष्यात कोणत्या घटकेला येऊन पोहोचते, यावरच त्याचे खरे मोल ठरत असते.

राजाश्रय, उचल आणि तिकीट

आश्रयाची एक जुनी आख्यायिका याच जिल्ह्याच्या मातीतली आहे. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (1744–1819) यांचा तमाशाचा फड दूरवर गाजत होता. आणि जामखेड तालुक्यातील चौंडी गावी 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर महेश्वरी राज्य करीत होत्या. फंदी त्यांच्या मुलखात गेले असता, ब्राह्मणाने तमाशा करीत फिरण्यापेक्षा आपली वाणी हरिकीर्तनाकडे वळवावी, असा उपदेश त्या पुण्यशील राज्यकर्तीने त्यांना केला आणि फंदींनी आपला डफ तेथेच फोडून टाकला, असे परंपरा सांगते. आख्यायिकेचा भक्तिपर अर्थ आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो. परंतु तिच्यात आश्रयाचा एक कायमचा धर्मही सांगितलेला आहे. देणारा हात कितीही सात्त्विक असला, तरी आपल्याला रुचेल तेच घेणाऱ्याने गावे, अशी इच्छा त्याच्या मनात उत्पन्न होतेच. आणि घेणाऱ्याला ती हुकमासारखी ऐकू येते.

राजाश्रयाचा दुसरा दोष त्याच्या अल्पायुष्याचा. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीस ‘सीता स्वयंवरा’चा प्रयोग केला, तो सांगलीकर चिंतामणराव पटवर्धन यांच्या आज्ञेने व आधाराने, आणि मराठी रंगभूमीचा आरंभ आपण त्या प्रयोगापासून मोजतो. 1851 साली चिंतामणरावांचे निधन झाले, दरबारचा आधार सरला, आणि डोक्यावर कर्जाचा भार घेऊन भाव्यांना आपली मंडळी गावोगाव फिरवावी लागली. ते मुंबईस पोहोचले आणि तिकीट लावून खेळ करू लागले. आश्रयदात्याच्या श्वासाबरोबर आश्रय संपतो, हा धडा मराठी नाटकाने असा अगदी बाल्यावस्थेतच घेतला.

तिकिटाने नाटकाला दरबारातून सोडविले हे खरे. पण तिकीट म्हणजे आजच्या गर्दीचा कौल, आणि उद्याच्या कलावंताची गर्दी अजून जन्मास यावयाची असते. तमाशाच्या फडांनी यावर ‘उचल’ हा तोडगा काढला. हंगाम सुरू होण्यापूर्वी फडमालक कलावंताला ठोक रक्कम आगाऊ देतो, ती हंगामभराच्या कामातून वळती होते. आणि फडमालक स्वतः ती रक्कम बहुधा सावकाराकडून किंवा ठेकेदाराकडून उचलतो. तमाशा कलावंत कांताबाई सातारकर संगमनेरला स्थायिक झाल्या आणि त्यांच्या फडाने हे गाव तमाशाच्या नकाशावर ठळक केले. जवळच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावी यात्रांच्या सुपाऱ्या ठरविण्याचा बाजार आजही भरतो. उचलीने कलावंताच्या घरची चूल पेटते, परंतु नवे वगनाट्य लिहून बसविण्यास लागणारी उसंत तिच्यातून मिळत नाही. कारण उचल हे कर्ज आहे, आणि कर्जाला प्रयोग परवडत नाहीत. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते पदक मिळाले, पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कारही ठेवला. पण त्यांच्या अखेरच्या वर्षांतील आर्थिक ओढाताण महाराष्ट्राने पाहिली आहे. सन्मान आणि आधार या दोन वस्तू भिन्न आहेत, याची याहून ठसठशीत साक्ष दुसरी नसेल.

चित्रपटाचा आरंभही अशाच निराधार अवस्थेत झाला. दादासाहेब फाळके यांनी आपली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून विलायतेचा प्रवास केला, यंत्रसामग्री आणली, आणि भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारा एक छोटासा चित्रपट करून दाखविला. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही या उद्योगात पडले, तेव्हा कोठे 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पहिल्या भारतीय कथाचित्रपटामागे कोणतेही प्रतिष्ठान नव्हते; होते ते एका कुटुंबाचे गहाणखत.

पगार हाच आश्रयदाता

स्वातंत्र्योत्तर काळातील मराठी रंगभूमीचा खरा आश्रयदाता कोण, असा प्रश्न केला तर प्रामाणिक उत्तर द्यावे लागेल : दुसऱ्या धंद्यातील पगार. डॉ. श्रीराम लागू शल्यचिकित्सक होते, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे काम करीत, आणि निळू फुले यांनी सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केले. नगरपुरते पाहावयाचे तर मधुकर तोरडमल हे अहमदनगर महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. जामखेडचे रामदास फुटाणे चित्रकलेचे शिक्षक होते, आणि त्यांनी निर्मिलेला ‘सामना’ हा चित्रपट 1975 साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे पहिलेच चित्रपट-दिग्दर्शन, लागू आणि निळू फुले यांची जुगलबंदी असा हा योग एका दुष्काळी तालुक्यातील चित्रकला शिक्षकाच्या धाडसाने जुळून आला, ही गोष्ट जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशीच आहे.

परंतु अशा कर्तृत्वाच्या कथांचा एक तोटाही होतो. नोकरी सांभाळून ज्यांनी कलेची उंची गाठली त्यांची नावे आपल्या डोळ्यांपुढे असतात. नोकरीने ज्यांची संध्याकाळ गिळली, त्यांची यादी कोणत्याही दफ्तरात नाही. शिवाय ज्या कायम नोकऱ्यांनी, बँकांच्या नाट्यशाखांनी आणि विमा मंडळाच्या करमणूक केंद्रांनी त्या पिढीला हात दिला, त्या नोकऱ्याच आता आटल्या आहेत. ठेक्यावर राबणाऱ्या मुलाला तालमीसाठी रजा मागण्याची सोय उरलेली नाही.

याच्या उलट बाजूला, कलावंतांनी इतरांसाठी द्रव्य उभे केल्याची उदाहरणे आपल्याकडे विपुल आहेत. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्ध्यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले. पुढे डॉ. लागू, निळू फुले आणि नगरचे सुपुत्र सदाशिव अमरापूरकर (1950–2014) यांच्यासारख्या कलावंतांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीला द्रव्य मिळवून दिले, त्या निधीतून पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची व्यवस्था झाली. ही कल्पना नीट न्याहाळण्याजोगी आहे. कार्यकर्त्याने काय साध्य केले याचे बक्षीस तो निधी देत नव्हता. काम करता यावे म्हणून पोटापुरते देत होता. कार्यकर्त्यांसाठी कलावंतांनी जे तत्त्व मान्य केले, ते नव्या कलावंतांसाठी समाजाने मान्य करावे, एवढीच अपेक्षा आहे.

न्यास म्हणजे काय?

सामान्य वाचकाला ‘ट्रस्ट’ हा शब्द देवस्थान, रुग्णालय किंवा शाळा यांच्या संदर्भात परिचयाचा असतो. 1950 साली मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा झाला. आजही महाराष्ट्रातील प्रत्येक सार्वजनिक न्यासाची नोंदणी त्यान्वये धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. दारिद्र्यनिवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत, समाजहिताची करमणूक आणि सार्वजनिक उपयुक्ततेचे इतर उद्देश, अशी धर्मादाय हेतूंची वर्गवारी त्या कायद्यात आहे. तीत कलेचे स्वतंत्र नाव नाही. ती शिक्षणाचा किंवा सार्वजनिक उपयुक्ततेचा हात धरून आत शिरते. न्यासाने हिशेब तपासून घ्यावे लागतात, विश्वस्त बदलले की फेरफार अर्ज करावा लागतो, आणि स्थावर मिळकत विकावयाची तर आयुक्तांची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. ही बंधने जाचक वाटली, तरी राजाश्रयाला जे कधी साधले नाही ते त्यांनीच साधते : दाता गेल्यावरही दान जिवंत राहते.

दात्याने एक मूळ निधी ठेवावा, त्याला हात न लावता व्याजातून दरवर्षी साहाय्य द्यावे, अशी या व्यवस्थेची साधी घडण असते. समजा, कोणी 1 कोटी रुपयांचा निधी ठेवला आणि त्यावर 7 टक्के व्याज मिळाले, तर वर्षाकाठी 7 लाख रुपये हाती येतात. त्यातून पाच तरुणांना दरमहा 10 हजार रुपये वर्षभर दिले, तर 6 लाख खर्च होऊन 1 लाख कार्यालयासाठी व प्रवासासाठी उरतो. आयकराची सवलत टिकवावयाची तर न्यासाने उत्पन्नापैकी किमान 85 टक्के रक्कम आपल्या उद्देशांवर खर्च केली पाहिजे, हा नियमही या हिशेबात बसतो. लग्नसमारंभावर कोटीचा खर्च करणारी घरे सहकारी कारखानदारीने संपन्न झालेल्या या जिल्ह्यात अनोळखी नाहीत. तेव्हा आकडा फार मोठा आहे, अशी सबब सांगता येणार नाही.

दुसरा मार्ग कंपन्यांचा. 2013 च्या कंपनी कायद्याने, ज्या कंपन्यांचे नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपयांहून कमी नाही, त्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी असे ठरविले. त्या कायद्याच्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे रक्षण आणि पारंपरिक कलांचे संवर्धन यांचा उल्लेख आहे. पुरातन वाड्याची डागडुजी आणि लोककलेचे शिबिर या शब्दांत सहज बसतात. पण श्रीगोंद्याची एखादी मुलगी जे नाटक अद्याप लिहीत आहे, ते वारसाही नसते आणि पारंपरिकही नसते. वारसा होण्यापूर्वी प्रत्येक कलाकृती नवी व संशयास्पदच होती, हे अशा कलमांना सांगता येत नाही.

महाराष्ट्राने केलेले प्रयोग

नवोदितांसाठी संस्थात्मक व्यवस्था उभारण्याचे मराठी प्रयत्न मुख्यतः स्पर्धांच्या रूपाने झाले. 1954 पासून राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली आणि नगरसारख्या केंद्रांवर हौशी रंगकर्मींना हक्काचा रंगमंच लाभला. 1963 साली पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने पुरुषोत्तम करंडक सुरू केला. 1974 पासून फिरोदिया करंडकाने नाट्य, संगीत, नृत्य आणि चित्र-शिल्प यांना एकाच प्रयोगात गुंफण्याचे आव्हान महाविद्यालयांपुढे ठेवले. नगरचे नामांकित वकील आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष कुंदनमल फिरोदिया यांच्या घराण्याचे नाव अशा रीतीने पुण्याच्या रंगमंचावरही रुळले. मराठी नाट्यचित्रसृष्टीतील किती तरी नामवंत या करंडकांच्या आखाड्यातून आले. तथापि स्पर्धेचा स्वभाव असा, की ती दोन-तीन संघांना उंचावते आणि उरलेल्यांना घरी पाठविते. आणि विजयी संघालाही पुढच्या वर्षी काय खावे हे ती सांगत नाही.

जागा देणे हेही दानच. अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांच्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने 1974 च्या सुमारास दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह प्रायोगिक नाटकांसाठी मिळविले, आणि त्या शाळेच्या नावानेच एक चळवळ ओळखली जाऊ लागली. नाममात्र भाड्यात मिळालेल्या सभागृहाने जे केले, ते लाखांच्या पुरस्कारांना क्वचित साधले असेल. पुण्यात महाराष्ट्र कल्चरल सेंटरने सुदर्शन रंगमंचाच्या द्वारे हेच काम पुढे चालविले.

थिएटर अकादमीचा प्रयोग याहून धोरणी होता. 1973 साली पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेने 1985 नंतरच्या दशकात अमेरिकेतील फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने दोन योजना राबविल्या : एक नव्या नाटककारांच्या विकासाची, दुसरी पुण्या-मुंबईबाहेरच्या नाट्यसंघांच्या उभारणीची. सतीश आळेकरांनी कल्पिलेल्या या योजनांत लेखकाला नाटक लिहिण्यापूर्वीच आधार देण्याचे तत्त्व होते, आणि गावोगावच्या संघांना प्रशिक्षणाची जोड होती. परदेशी निधी संपला, योजनाही संपल्या. आपण त्या तत्त्वाला देशी मूळ निधीचा पाया दिला असता तर ते टिकते, ही रुखरुख मात्र मागे राहिली.

त्यानंतर काही खाजगी प्रतिष्ठानांनी ही वाट धरली. उद्योगपती विनोद दोशी यांच्या नावाने पुण्याच्या साहित्य रंगभूमी प्रतिष्ठानातर्फे तरुण रंगकर्मींना अभ्यासवृत्ती दिली जाते, आणि त्यांच्याच नावाचा नाट्यमहोत्सव निवडक नव्या नाटकांना रसिकांपुढे आणतो. डॉ. लागू आणि दीपा लागू यांनी आपल्या मुलाच्या, तन्वीरच्या, स्मृतीसाठी रूपवेध प्रतिष्ठान स्थापिले. त्याच्यातर्फे ज्येष्ठाला तन्वीर सन्मान देताना, धडपडत्या रंगकर्मीला वा संस्थेला ‘नाट्यधर्मी’ पुरस्कार देण्याची प्रथा त्यांनी ठेवली. ज्येष्ठाच्या शेजारी होतकरूला उभे करणारी ही योजना अनुकरणीय आहे. एरवी आपले बहुतेक सन्मान केस पांढरे झाल्यावरच दाराशी येतात. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही 1993 साली स्थापन झालेली संस्था संशोधन आणि नवनिर्मिती यांसाठी देशभरातून अर्ज मागवून अनुदान देते. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाकडून 18 ते 25 वयाच्या कलाविद्यार्थ्यांना दोन वर्षे दरमहा 5 हजार रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते. पण खेड्यातल्या मुलापर्यंत अशा अर्जाचा नमुना पोहोचविणारे कोणी नसते, आणि मुदत टळल्यावर बातमी कळते.

दोन चित्रपट, एकच वर्ष

आधार असणे आणि नसणे यांतला फरक एकाच वर्षीच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांनी फार स्पष्ट दाखविला. 2014 सालच्या चित्रपटांसाठी दिलेल्या बासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, आणि परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ला.

‘कोर्ट’ची पटकथा लिहिली जात असताना अभिनेते विवेक गोम्बर यांनी ताम्हाणे यांना दरमहा रक्कम देऊन निश्चिंत केले आणि पुढे तेच त्या चित्रपटाचे निर्माते झाले, शिवाय हॉलंडमधील रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीने पटकथेच्या टप्प्यावर साहाय्य केले. चित्रपट पूर्ण झाल्यावर व्हेनिसला गौरवला गेला. त्यानंतर रोलेक्स या घड्याळ कंपनीच्या गुरुशिष्य योजनेतून ताम्हाणे यांना मेक्सिकोचे दिग्दर्शक अल्फोन्सो कुआरोन यांचे मार्गदर्शन लाभले, आणि त्यांचा पुढचा चित्रपट ‘द डिसायपल’ 2020 साली व्हेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट पटकथेचा मानकरी ठरला. त्या चित्रपटाचा नायक हा शास्त्रीय गायनात आयुष्य ओतणारा आणि पोटासाठी जुन्या ध्वनिफितींचे काम करणारा तरुण आहे, हा योगायोग बोलका म्हणावा लागेल.

इकडे नगर-पुण्याच्या सीमेवरील ग्रामीण भागातून आलेल्या कऱ्हाडे यांनी मेंढपाळ धनगर कुटुंबाची कहाणी पडद्यावर आणण्यासाठी आपली जमीन विकली. चित्रपट झाला, नावाजला गेला, म्हणून ही हकीकत शौर्याची ठरली. तो अपुरा राहिला असता तर तीच हकीकत गावात बेजबाबदारपणाचा दाखला म्हणून सांगितली गेली असती. गुण दोघांचेही मानले गेले. जोखीम मात्र एकाच्या बाबतीत अनेकांनी वाटून घेतली, आणि दुसऱ्याच्या बाबतीत ती एकट्या कुटुंबाच्या सातबाऱ्यावर चढली.

नगरने स्वतः या बाबतीत एक मोलाचे उदाहरण घालून दिले आहे. नागराज मंजुळे यांनी येथील न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन विद्येचे शिक्षण घेत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे नगरजवळच्या अकोळनेरची पार्श्वभूमी असलेल्या ‘फँड्री’ने मराठी चित्रपटाची भाषाच बदलून टाकली. त्या पहिल्या लघुपटाच्या काळात त्यांच्यापाशी काय होते? एक विभाग होता, अभ्यासक्रमाच्या निमित्ताने मिळालेला अवकाश होता, आणि शिकता शिकता चुका करण्याची मुभा होती. महाविद्यालयाचे वर्ष हे गरीब मुलाच्या आयुष्यातले बहुधा एकमेव असे वर्ष असते, ज्यात अपुरे काम केल्याबद्दल कोणी भाकरी काढून घेत नाही. पदवी मिळाली की ती मुभा संपते. आणि नेमकी तेथेच प्रतिष्ठानाची गरज सुरू होते.

जिल्ह्याला काय करता येईल?

नगर जिल्ह्यात दातृत्वाची वाण नाही. महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना 1950 साली प्रवरेकाठी उभा राहिला, आणि पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या नावाने तेथे साहित्याचे व कलेचे पुरस्कार आजही दिले जातात. महाकरंडकाने तरुण रंगकर्मींना नगरची वाट दाखविली आहे. या व्यवस्थांना धक्का न लावता त्यांच्या आधीची एक पायरी बांधता येण्याजोगी आहे. तालुक्याच्या गावी कारखान्याचे, शाळेचे वा बाजार समितीचे सभागृह आठवड्यातील चार संध्याकाळी तालमींसाठी विनामूल्य खुले करणे, ही तिची पहिली फरशी. वर्षाला मोजक्या तरुणांना लेखनासाठी, पटकथेसाठी, गायन-वादनाच्या शिक्षणासाठी किंवा वगनाट्य बसविण्यासाठी दरमहा मानधन देणे, ही दुसरी. आणि शासनाच्या व इतर प्रतिष्ठानांच्या योजनांचे अर्ज मराठीत समजावून वेळेवर भरून घेणारा एक माणूस नेमणे, ही तिसरी व सर्वांत स्वस्त.

निवड करणारी समिती दात्याच्या नात्यागोत्यातली नसावी आणि तिच्यात जिल्ह्याबाहेरचे जाणकार असावेत. समितीचे सदस्य ठरावीक मुदतीने बदलावेत. संहितेचा विषय कोणता असावा, हे विश्वस्तांनी सांगू नये. फंदींच्या डफाची गोष्ट येथे पुन्हा घडता कामा नये. हिशेब चोख मागावा, पण तो पैशांचा व वेळेचा मागावा. किती बक्षिसे मिळाली याचा मागू नये. आणि कलावंताच्या प्रत्येक फलकावर दात्याचे छायाचित्र छापण्याची अट असेल, तर त्या खर्चाला जाहिरातीच्या सदरात टाकावे आणि धर्मादायाचे नाव त्याला लावू नये.

यावर एक आक्षेप हमखास येतो : पाच जणांना वर्षभर पोसले आणि त्यांतल्या तिघांच्या हातून काहीच झाले नाही, तर पैसा वाया गेला नाही का? या आक्षेपाचे उत्तर टाळून चालणार नाही. कारण असे होईल, वारंवार होईल. राजाला आपल्या दरबारात अपयशी गवई परवडत नव्हता. फडमालकाला रिकामा तंबू परवडत नाही. तिकीट खिडकीला पडलेले नाटक आणि स्पर्धेला हरलेला संघ यांचे काही देणे लागत नाही. आणि जमीन विकणाऱ्याला तर अपयश म्हणजे सर्वनाश. परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले द्रव्य तेवढे असे असते की जे अपयश पचवू शकते, आणि नवी कला सर्वत्र अनेक अपयशांच्या सोबतीनेच जन्मास येते. तेव्हा असा न्यास स्थापन करू इच्छिणाऱ्याने न्यासपत्राच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे, की साहाय्य घेतलेल्यांपैकी काहींचे काम पुरे होणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे आणि मान्य आहे. ते वाक्य ज्याला लिहवणार नाही, त्याने खुशाल करंडक द्यावा. त्याचीही गरज आहेच. पण धर्मादाय या नावाला ते वाक्य लिहिणाराच पात्र ठरेल.